समाधानाचे वेतन

डिसेंबर उजाडला की नागपुरात दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. बाजारात संत्र्यांचे ढीग आणि रस्त्यावर मोर्चे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाच्या पदरात विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन पडले. त्या अधिवेशनाच्या पाठोपाठ सबंध महाराष्ट्राची गाऱ्हाणीही या शहरात येऊ लागली. यशवंत स्टेडियमच्या परिसरात मंडप पडतात, सतरंज्या अंथरल्या जातात, फलक लागतात. मोर्चे निघतात, पण विधानभवनापर्यंत पोचत नाहीत. कोणाला टेकडी रोडवर थांबवतात, तर कोणाला मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर. १८८५ साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाचे नाव सरकारदरबारी केव्हाच बदलले. लोकांच्या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या तोंडी मात्र ते मॉरिस कॉलेजच राहिले आहे.

या मोर्चांत शिक्षकांचा मोर्चा नाही असे अधिवेशन मला तरी आठवत नाही. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, अंशतः अनुदानित तुकड्यांवरचे शिक्षक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, जुन्या पेन्शनची मागणी करणारे, असे कोणी ना कोणी असतेच. मी स्वतः या शहरात तीन दशके महाविद्यालयात मराठी शिकवले. त्यामुळे त्या मंडपांवरून जाताना पाय आपोआप रेंगाळतात. ओळखीचा चेहरा दिसेल अशी भीती असते, आणि दिसावा अशी इच्छाही असते.

काही वर्षांपूर्वी एका मंडपातून हाक आली, ‘‘सर, ओळखलं का?’’ ओळखले. उमरेडकडच्या एका खेड्यातून आलेला, मागच्या बाकावर बसणारा, पण निबंध असा लिहिणारा की तो वर्गात वाचून दाखवावा. बी.ए. झाल्यावर पुढे काय करू, असे विचारायला तो माझ्याकडे आला होता. ‘‘तू शिक्षक हो,’’ असे मीच त्याला सांगितले होते. त्याने बी.एड. केले. एका विनाअनुदानित शाळेत लागला. बरीच वर्षे बिनपगारी, मग अनुदानाचा पहिला टप्पा, मग पुढच्या टप्प्याची वाट. घर चालवायला सकाळी शिकवण्या आणि दिवाळी-उन्हाळ्यात एका दुकानाचा हिशेब. वय चाळिशीकडे झुकलेले. सतरंजीवर त्याच्याशेजारी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. आंदोलनाला बसतानाही तो तपासायचे काम घेऊन आला होता.

मी विचारले, ‘‘अरे, मग सोडून का नाही देत?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘वर्गात गेलो की सारं विसरून जातो, सर. पोरं वाट पाहून राहिली असतात.’’

हे उत्तर ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट त्या वाक्याने मला बरेच दिवस छळले. कारण ते वाक्य शंभर टक्के खरे आहे, हे मला ठाऊक आहे. आणि त्या खरेपणाच्याच जोरावर त्याला इतकी वर्षे बिनपगारी राबवून घेता आले, हेही मला ठाऊक आहे.

शिकवण्यातले समाधान ही गोष्ट आहे तरी काय? दर पाच सप्टेंबरला सभागृहांतून जे बोलले जाते, त्यातून तिचा पत्ता लागत नाही. तिथे गुरुर्ब्रह्मा असतो, समईतली वात असते, राष्ट्राचा शिल्पकार असतो. प्रत्यक्षात हे समाधान फार बारीक गोष्टींचे बनलेले असते. एखादी व्याख्या तीन प्रकारे सांगूनही कोरे राहिलेले चेहरे चौथ्या उदाहरणाला एकदम हलतात. वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी फेब्रुवारीत हात वर करते. आपण सांगितलेले पुस्तक वाचून कोणी आपल्याशीच वाद घालायला येतो. त्या क्षणी शिक्षकाला जे मिळते, ते दुसरे कोणी देऊ शकत नाही आणि हिरावूनही घेऊ शकत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शालेय शिक्षकांच्या जीवनावर ‘स्कूलटीचर’ हा ग्रंथ लिहिला. त्यांना आढळले ते असे की, शिक्षक आपल्या कामाचे खरे मोल पगारात किंवा मानमरातबात मोजत नाहीत. आपण विद्यार्थ्यापर्यंत पोचलो, या जाणिवेत ते मोजतात. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट नोंदवली. हे मोल अत्यंत अनिश्चित असते. आपण शिकवले ते रुजले की नाही, हे शिक्षकाला बहुधा कळतच नाही. शेतकऱ्याला चार-सहा महिन्यांत पीक दिसते. शिक्षकाचे पीक वीस वर्षांनी कुठल्यातरी रेल्वे फलाटावर भेटते आणि ‘सर, ओळखलं का?’ म्हणते. तोवर त्याने कशाच्या भरवशावर शिकवत राहायचे? या प्रश्नाचे उत्तर एकट्या शिक्षकाच्या मनात सापडत नाही. तो ज्या व्यवस्थेत उभा आहे, तिच्यात ते शोधावे लागते.

शिकवण्यात आयुष्याचे प्रयोजन सापडलेल्या माणसाचे नागपूरमधले उदाहरण द्यायचे, तर कोणीही विजय बारसे यांचेच नाव घेईल. बारसे सर हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यात, पाऊस लागला म्हणून ते आडोशाला उभे होते. समोर झोपडपट्टीतली काही पोरे चिखलात एक तुटकी बादली लाथाडत खेळत होती. खेळात इतकी रंगलेली की पावसाचेही भान नव्हते. सरांनी त्यांना चेंडू दिला. मग स्पर्धा भरवली. मुले मैदानात असतात तेवढा वेळ जुगार, व्यसन आणि मारामारी यांपासून लांब असतात, एवढे साधे निरीक्षण त्यांनी पकडले आणि सोडले नाही. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या खडबडीत नावाने सुरू झालेले ते काम पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून देशभर गेले. बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत या मुलांचे संघ खेळले. २०१० साली रिओ दि जानेरोला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार नागपूरच्याच झोपडपट्टीत वाढलेला होता. २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमातून हे काम घराघरांत पोचले. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, विविधता पुरस्कार या संस्थेला मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ चित्रपट काढला आणि बारसे सरांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली.

ही कथा आपण सारे एका ठरावीक सुरात सांगतो. एका ध्येयवेड्या शिक्षकाने मनात आणले आणि करून दाखवले, मग बाकीच्यांना काय झाले आहे? मीही ती अशीच सांगत असे. आता मात्र तिच्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. बारसे सरांनी त्या मुलांना चेंडू दिला, तेव्हा ते पूर्ण पगारावरचे, कायम नोकरीतले शिक्षक होते. महाविद्यालयाचे काम संपल्यावरची संध्याकाळ त्यांची स्वतःची होती. पुढचा महिना कसा जाईल, ही चिंता त्यांना त्या पावसात भेडसावत नव्हती. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कमही त्यांनी या कामाच्या जागेसाठी घातली. म्हणजे घालण्यासारखी काही रक्कम त्यांना मिळाली होती. त्यांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. तोच पगार आणि तोच मोकळा वेळ हजारोंना होता. त्या वेळेचे त्यांनी जे केले, ते इतरांनी केले नाही. पण आजच्या एखाद्या तासिका तत्त्वावरच्या क्रीडाशिक्षकाने ती तुटकी बादली पाहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारून पाहा. त्याचेही मन हलले असते. पण पाऊस थांबण्याची वाट न पाहता तो दुसऱ्या महाविद्यालयातल्या पुढच्या तासासाठी भिजत निघाला असता.

ध्येयवादाला जमीन लागते, ती अशी. शिक्षकाच्या पगाराचा विषय निघाला की आपल्याकडे ‘पूर्वीच्या गुरूंनी कुठे पैसा पाहिला?’ असे विचारायची पद्धत आहे. ज्यांच्या नावाने आपण हे विचारतो, त्यांना विचारले तर उत्तर वेगळे येते. महात्मा फुले यांच्याइतके शिक्षणासाठी फुकट कष्ट उपसलेली माणसे थोडी. स्वतः जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काय सोसले, हे सांगायला नको. पण त्याच जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा, असे आकड्यानिशी सांगितले. गावच्या कारभारात त्याला हिशेबतपासणी, टपाल यांसारखी जोडकामेही द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. का, तर त्याची मिळकत वाढावी आणि गावात त्याच्या शब्दाला वजन यावे. स्वतःच्या त्यागाचा दाखला देऊन दुसऱ्याचा पगार कापावा, हे त्यांच्या मनाला शिवले नाही.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे, वर्ध्याचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा पाया घातला गेला. त्या परिषदेने मोजके चार ठराव केले. सात वर्षांचे मोफत सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तोद्योग हा केंद्रबिंदू. आणि चौथा ठराव असा की, या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघू शकेल. मुलांच्या सूतकताईवर शिक्षकाचा पगार काढावा की नाही, यावर तेव्हा बरेच वादंग झाले आणि ते योग्यही होते. पण गांधीजींच्या योजनेतही शिक्षकाचा पगार कुठून येईल, याची काळजी पहिल्या चार ठरावांत होती. शिक्षकाने सेवेच्या आनंदावर जगावे, असा पाचवा ठराव कोणी मांडला नाही.

तो ठराव पुढे, न मांडताच, अमलात आला. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधन. शब्द पाहा: शिक्षक नव्हे, सेवक, वेतन नव्हे, मानधन. २०२२ सालापर्यंत हे मानधन प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये महिना होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कान उपटल्यावर १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. त्याच सुमारास ‘कायम विनाअनुदानित’ नावाचा प्रकार रूढ झाला. सरकारने परवानगी द्यायची, संस्थेने शाळा काढायची आणि शिक्षकाने ती चालवायची. २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळला गेला, आणि मग वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानाची प्रतीक्षा सुरू झाली. वीस टक्के पगारावर शंभर टक्के शिकवणारे लोक या राज्यात वर्षानुवर्षे आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला खरे वाटत नाही. महाविद्यालयांतही कायम पदे रिकामी ठेवून तासाच्या हिशेबाने माणसे नेमण्याची वहिवाट पडली. तासाचे पैसे, सुटीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, तयारीचे तर नाहीतच. आणि शिकवण्यातला मोठा भाग तयारीचाच असतो.

इथे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोडता यायचे नाही, की ज्यांना भरपूर पगार आहे ते सगळे कुठे रमले आहेत वर्गात? पाचवा वेतन आयोग आला, सहावा आला, सातवा आला. प्राध्यापकांच्या दारात गाड्या आल्या. वर्ग मात्र ओस पडले आणि विद्यार्थी शिकवणी वर्गांकडे गेले. पिवळ्या पडलेल्या टिपणांवर तीस वर्षे काढलेली माणसे मी शेजारच्या खुर्चीत पाहिली आहेत. काही वर्षी मीच तसा होतो, हेही कबूल करतो. त्या वर्षांत पगार वेळेवर मिळत होता आणि समाधान औषधालाही नव्हते. तेव्हा पगार वाढवला की शिक्षकाला आपोआप प्रयोजन सापडेल, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. भाकरी मिळाली म्हणून भूक लागत नाही. पण भाकरीच नसेल, तर भुकेचे कौतुक करणे हा क्रूरपणा आहे.

खरा बिघाड पगाराच्या आकड्यापेक्षा खोल आहे, आणि तो नागपूरने अलीकडेच उघड्यावर पाहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘शालार्थ’ घोटाळा बाहेर आला. शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची संगणकीय प्रणाली. तिच्यात ज्याला क्रमांक मिळाला, त्याचा पगार निघतो. बनावट कागदपत्रांवर असे क्रमांक मिळवून बोगस नेमणुका झाल्याचे आणि सरकारी तिजोरीतून वर्षानुवर्षे पगार उचलल्याचे आरोप झाले. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, शेकडो नावांची चौकशी सुरू झाली. कोण दोषी हे न्यायालये ठरवतील. पण शिक्षकाची जागा लाखांच्या भावाने विकली जाते, हे गुपित विदर्भात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, तपास पथकाने सांगण्याची गरज नव्हती. मुलगा शिक्षक व्हावा म्हणून शेत विकलेले बाप गावोगाव भेटतात. त्याआधी शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहारही २०२१ साली पुणे पोलिसांनी उजेडात आणला होता.

या दोन चित्रांना शेजारी ठेवले की विसंगती डोळ्यांत भरते. मंडपातला माझा विद्यार्थी काम करतो, त्याला पूर्ण पगार नाही. शालार्थच्या यादीतल्या कोणाला पगार आहे आणि काम केल्याचा पुरावा नाही. पदाला बाजारात भाव आहे, शिकवण्याला नाही. आणि ज्याने पद विकत घेतले, त्याला समाधान कुठून मिळणार? तो वर्गात शिरतो तो वसुलीच्या हिशेबाने. मुले त्याची वाट पाहत असतील, हे त्याच्या गावीही नसते. शिक्षणातले समाधान संपवायचे असेल तर शिक्षकाला उपाशी ठेवा किंवा त्याची जागा विका. आपण दोन्ही केले.

आणि तरीही जे उरले, त्याला तिसरी गोष्ट खाते आहे, ती म्हणजे वेळ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले. कायदा असे म्हणतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी माहिती भरतो. पोषण आहाराचा तांदूळ, उपक्रमांची छायाचित्रे, ऑनलाइन नोंदी, कोणत्या ना कोणत्या दिवसाचा अहवाल. दोन शिक्षकी शाळेत एक जण असे काही भरत बसला की चार इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. फुल्यांनी जोडकामे सुचवली होती, ती शिक्षकाचे वजन वाढावे म्हणून. आजची कामे त्याचे वजन कमी करतात. गावाच्या नजरेत तो शिकवणारा राहत नाही, तलाठ्यासारखा कागद भरणारा होतो. स्वतःच्या नजरेतही हळूहळू तसाच होतो, आणि ते अधिक वाईट.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पात्रता परीक्षेबाबत निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे त्या निकालाने आवश्यक ठरवले. त्यावर शिक्षकांत मोठी खळबळ माजली. शिक्षकाने परीक्षा देऊ नये असे मी म्हणणार नाही. आपण मुलांना दर सहा महिन्यांनी परीक्षेला बसवतो, मग आपल्याला का नको? शिवाय ज्या राज्यात जागा विकल्या जातात, तिथे पात्रतेची कुठलीतरी चाळणी लागणारच. पण वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेला त्या खळबळीत जे दुखले, ते परीक्षेच्या भीतीहून वेगळे होते. मी या मुलांना वाचायला शिकवले, याची नोंद कुठेच नाही का, असा तिचा प्रश्न होता. खरोखरच ती नोंद कुठे नाही. आपल्या व्यवस्थेत शिक्षकाच्या अर्हतेचा कागद आहे, हजेरीचा आहे, पगाराचा आहे. त्याने शिकवल्याचा कागद नाही, कारण तो पाहायला कोणी वर्गात येतच नाही. अधिकारी येतात ते दप्तर तपासायला.

हे सारे शिक्षकांचे रडगाणे म्हणून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. पण परिणाम दिसू लागले आहेत. एकेकाळी डी.एड.च्या प्रवेशासाठी बारावीतली हुशार मुले रांगा लावत. ग्रामीण घरांतल्या मुलींसाठी तर घराबाहेर पडण्याची ती सन्मानाची वाट होती. भरती वर्षानुवर्षे रेंगाळली आणि अध्यापक विद्यालये एकामागून एक बंद पडली. जगभर हीच काळजी आहे. २०३० पर्यंत प्राथमिक व माध्यमिक शाळांसाठी चार कोटी चाळीस लाख शिक्षक कमी पडतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्यात नवी गरज भागवायची आहेच, पण नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या जागाही भरायच्या आहेत. श्रीमंत देशांतले शिक्षकही वर्ग सोडत आहेत. म्हणजे प्रश्न एकट्या पैशाचा नाही. शिकवायला मिळत नाही म्हणून शिकवणारे जात आहेत.

उपाय सांगणे हे निवृत्त माणसाचे आवडते काम असते. तरी तीन गोष्टी लिहितो. पहिली अशी की, मंजूर पदे कायम नेमणुकीने आणि उघड गुणवत्तेने भरा. निवडीचा अधिकार जिथे अंधारात आहे, तिथून तो काढा. त्यासाठी २०१७ साली पवित्र पोर्टल आणले गेले. ते चांगले की वाईट यावर वाद घाला, पण ते रडतखडत चालू ठेवणे हा पर्याय होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, शिक्षकाला पहिल्या दिवसापासून पोट भरेल एवढे वेतन द्या, आणि त्याला ‘मानधन’ म्हणू नका. मान शब्दाने येत नाही आणि धन तर त्यात नव्हतेच. तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. शिक्षकाला वर्गात राहू द्या. त्याच मुलांबरोबर सलग दोन-तीन वर्षे राहू द्या. लॉर्टींनी सांगितलेली ती अनिश्चितता पूर्ण जाणार नाही, पण रोपाला अंकुर फुटलेला तरी त्याला दिसेल. शिकवण्याचे समाधान सरकारी आदेशाने देता येत नाही. ते मिळण्याच्या आड न येणे मात्र सरकारला, संस्थाचालकांना आणि आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.

आपल्याला असे म्हणतो, कारण यात पालक आणि माझ्यासारखे पेन्शनर सुटत नाहीत. ‘शिक्षकी पेशा म्हणजे नोकरी नव्हे, व्रत आहे’ हे वाक्य मी भाषणांतून कितीदा म्हटले असेल. व्रत माणूस स्वतः घेतो. दुसऱ्याला ते घालून देता येत नाही, एवढे साधे मला कळायला हवे होते. कायम पगारावर बसून मी ते वाक्य बिनपगारी तरुणांना ऐकवत होतो. त्यांतलाच एक त्या दिवशी मंडपात बसला होता.

त्या दुपारी मी त्याच्याजवळ बराच वेळ बसलो. त्याला मेव्हण्याने बुटीबोरीला एका कारखान्यात हिशेबनिसाची जागा पाहून ठेवली होती. नियमित पगार, भविष्य निर्वाह निधी, रविवारची सुटी. मार्चपर्यंत कळवायचे होते. ‘‘काय करू, सर?’’ असे त्याने विचारले, अगदी बी.ए.च्या निकालानंतर विचारले होते तसेच. त्या वेळी माझ्याजवळ तयार उत्तर होते. या वेळी मी, ‘‘घरच्यांचा विचार कर,’’ एवढेच म्हणू शकलो. ते उत्तर नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळले.

मग त्याने विषय बदलला. गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका काढून माझ्यापुढे धरली. आठवीतल्या एका मुलाचा ‘माझे शेत’ हा निबंध होता. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण विहिरीला पाणी लागले त्या रात्री बाप झोपला नाही आणि सकाळी कोणाशी बोललाही नाही, हे त्या पोराने चार ओळींत असे लिहिले होते की मी ते दोनदा वाचले. ‘‘मागच्या वर्षी याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, सर,’’ तो म्हणाला. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. मोर्चा, टप्पा, बुटीबोरी, सारे तेवढ्यापुरते तो विसरला होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तो उठला. मंडपात रात्र काढणाऱ्यांत त्याचे नाव नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती आणि त्याला उमरेडची बस गाठायची होती.